फुकटातली अट शोधताना

बहिणीचा फोन आला की मी आधी तिचा आवाज ऐकतो, मग बातमी. त्या दिवशी मंगलचा आवाज घाबराघुबरा होता आणि बातमी अशी होती, की तिच्या नवऱ्याने चप्पल घातली.

हसू नका. आमचे भास्करराव कित्येक वर्षं अनवाणी चालत होते. मे महिन्यात जळगावचं डांबर पायाला चिकटतं, तेव्हासुद्धा. सोमवारी उपास, शनिवारी उपास, लग्नाच्या पंगतीत गोडाला हात नाही. पूर्वी ते टेम्पो चालवायचे; तेही एकदम सोडून डाळमिलमध्ये कामाला लागले. देवीचा काहीतरी नवस असणार, असं आम्ही सगळ्यांनी धरून टाकलं होतं. विचारलं तर म्हणायचे, ‘‘असू द्या.’’ आणि आता एका महिन्यात उपास बंद, पायात चप्पल, वर जिलबी मागून खाल्ली म्हणे.

‘‘दादा, ते दोंडाईच्याला एका ख्रिस्ती पाळकाकडे जातात,’’ मंगल सांगत होती. ‘‘म्हणतात, मला नीतिमत्त्व मिळालं. तेही फुकट. तू ये आणि बघ बरं, कोण फसवतंय माझ्या माणसाला.’’

नीतिमत्त्व म्हणजे देवापुढे माणूस सरळ, निर्दोष ठरणं, एवढं मला ऐकून माहीत होतं. पण ‘फुकट’ हा शब्द तिने माझ्यापाशी काढायला नको होता. निवृत्तीनंतर मी नाशिकला लोकांना ग्राहकांच्या तक्रारी लिहून देतो. फुकट मिक्सर, फुकट सहल, फुकट आरोग्य तपासणी, या सगळ्यांची मागची पानं मी वाचलेली आहेत. अट नसलेलं फुकट मला आजवर भेटलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जळगावच्या गाडीत बसलो.

मनमाड सोडलं की हवा बदलते. चाळीसगाव, पाचोरा मागे पडतं तसा कापूस लागतो, मग केळी. हिवाळ्याचे दिवस होते, शेतांवर धुरकट ऊन पडलं होतं. जळगावला उतरलो आणि रिक्षावाल्याला म्हणालो, ‘‘पिंप्राळा.’’

‘‘पुलावरून जाऊ, भाऊ. नेहमीच्या रस्त्यावर काम चालू आहे.’’

आला लांबचा रस्ता, मी मनात म्हणालो. बाहेरगावचा माणूस दिसला की यांना कामं चालू झालेली दिसतात. मी हट्टाने नेहमीच्याच रस्त्याने घ्यायला लावलं. पुढे खरंच रस्ता आडवा खणलेला होता आणि आम्ही तिथूनच मागे फिरलो. रिक्षावाल्याने आरशात माझ्याकडे बघून घेतलं.

मंगलच्या घरी भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) तयार होती. भास्करराव मिलमधून आले. दारात चप्पल काढली. ती काढतानाही त्यांना सवय नसल्यासारखं वाटलं, एक पाय दुसऱ्याने ओढून काढला. तब्येत उलट सुधारली होती. फसलेला माणूस असा दिसत नाही. पण सुरुवातीला तसाच दिसतो, हेही मला माहीत आहे.

जेवण झाल्यावर मंगलने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि फळीवरचा एक स्टीलचा डबा दाखवला.

‘‘त्या पाळकाच्या बायकोने यांच्याबरोबर खापरावरच्या पुरणपोळ्या पाठवल्या होत्या. वर निरोप काय, तर डबा रिकामाच परत पाठवा. रिकामा! सांग, कोणी पाठवतं का?’’

आमच्याकडे शेजारून वाटी आली तर ती रिकामी जात नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर घालतात. मंगलला रिकामा डबा पाठवता येईना, आणि रिकामाच पाठवा म्हटल्यावर भरूनही पाठवता येईना. डबा महिनाभर फळीवर बसून होता. ती रोज त्याच्याकडे बघायची आणि रोज तिचं डोकं फिरायचं.

‘‘हीच ती पद्धत,’’ मी म्हणालो. ‘‘आधी ओझं करून ठेवायचं. मग काहीही मागितलं की नाही म्हणवत नाही.’’

मंगलने डबा बिबड्यांनी (ज्वारीचे पापड) गच्च भरला आणि माझ्या हवाली केला. दुसऱ्या दिवशी भास्करराव सुट्टी काढून माझ्याबरोबर दोंडाईच्याला यायला तयार झाले. इतके सहज तयार झाले, की मला तेही खटकलं.

धुळ्यापर्यंत एसटीने गेलो. एरंडोल, पारोळा, दोन्हीकडे कापसाची उरलीसुरली बोंडं. गतिरोधक आला की ड्रायव्हरला तो आधी लागायचा, मग दिसायचा. अशाच एका उडीत शेजारचे गृहस्थ डब्यावर कोपर टेकून बसले आणि आतून चुरा झाल्याचा आवाज आला. भास्करराव हसले. मी नाही हसलो. बहिणीच्या घरचा मान होता तो.

धुळ्याच्या स्टँडवर चहा घेताना मी सरळ विषयाला हात घातला. ‘‘भास्करराव, काय कबूल करून घेतलंय त्यांनी तुमच्याकडून? नाव बदलायचं का? कुठे सही केली?’’

‘‘सही नाही, नाना. पण कबूल केलंय.’’ त्यांनी कप खाली ठेवला. ‘‘तुम्हाला सांगतो. मंगलला अजून सांगितलेलं नाही. दोंडाईच्याच्या रस्त्यावरचा तो अपघात आठवतो?’’

आठवत होता. सायकलवरचा एक तरुण मुलगा त्यांच्या टेम्पोखाली गेला होता. मोबाइलवर बोलत बोलत तो अचानक आडवा आला, असं कोर्टात ठरलं आणि भास्करराव निर्दोष सुटले. आम्ही पेढे वाटले होते.

‘‘तो आडवा आला नव्हता,’’ भास्करराव म्हणाले. ‘‘रस्त्याच्या खाली उतरून सायकलची चेन बसवत होता. मला डुलकी लागली. मोबाइलचं वकिलाने काढलं. मला विचारलं तेव्हा मी मान हलवली.’’

स्टँडवर शिरपूरच्या गाडीची घोषणा चालू होती. मला राग आला, खरं सांगतो. खोटं बोलले याचा आला, आणि ते इतक्या वर्षांनी, चहाच्या टपरीवर, मला सांगत होते याचा जास्त आला. मी पेढे वाटणाऱ्यांतला होतो.

‘‘म्हणून अनवाणी?’’

‘‘म्हणून. कोर्टाने सोडलं, पण मला सुटता येईना. किती चाललो म्हणजे फिटेल, कोणी सांगेना. त्या जागी जाऊन बसायचो. तिथेच दानिएलभाऊंनी स्कूटर थांबवून पाणी दिलं.’’

दानिएलभाऊ म्हणजे ते पाळक. मी मनात नोंद केली: एकटा बसलेला, खचलेला माणूस हेरला. असंच करतात.

‘‘आणि त्यांनी सांगितलं, जा, तू निर्दोष?’’

‘‘नाही, तसं कोर्टाने सांगितलं होतं. कोर्ट म्हणालं, तू केलंच नाहीस. ते मला कधी पचलं नाही. हे म्हणतात, तू केलंस. ते धरूनच देवाने तुला जवळ घेतलं. शिक्षा येशूने भोगली, आणि नीतिमत्त्व त्याचं, ते तुझ्या नावावर लावलं.’’

‘‘सातबाऱ्यासारखं?’’

‘‘तसंच समजा.’’

बक्षीसपत्रं मी पुष्कळ पाहिली आहेत. देणारा म्हातारा हयात असेपर्यंत त्याला सांभाळण्याची अट कुठेतरी बारीक अक्षरात असतेच. दोंडाईच्याची गाडी लागली तशी मी ती अट शोधायचीच, असं ठरवून चढलो.

दोंडाईचा जवळ आलं की डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. गावाबाहेर मोकळ्या रानात मिरची वाळत घातलेली, लालच लाल, नजर पोचेपर्यंत. बायका तोंडाला फडकी बांधून पाट्या ओतत होत्या. एसटीच्या खिडक्या उघड्या होत्या आणि मला शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. ‘‘नवा माणूस दिसतो,’’ कंडक्टर म्हणाला. मी रुमालाआडून होकार दिला.

पाळकाचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत सतरंज्या गुंडाळून ठेवलेल्या, भिंतीवर एक लाकडी क्रूस, कोपऱ्यात ढोलकी. दानपेटी कुठे दिसते का ते मी आधी पाहिलं. दिसली नाही. मग दाराच्या मागे पाहिलं. तिथे छत्री होती.

दानिएलभाऊ पन्नाशीचे, बुटके, नवापूरकडचे. त्यांच्या पत्नी रूथताईंनी डबा घेतला, झाकण उघडून चुरा बघितला आणि खळखळून हसल्या. ‘‘रिकामा मागितला होता मी. मंगलताईंना झेपला नाही ना? मलाही आधी नव्हता झेपला.’’ त्यांनी त्या चुऱ्यावर कांदा आणि तेल घातलं आणि आमच्यापुढेच ठेवलं. चांगला लागत होता, हे नाइलाजाने लिहितो.

मी माझी उलटतपासणी सुरू केली. भास्कररावांनी पुढे काय करायचं? इथे किती वेळा यायचं? घरचे देव काढायचे का? गावजेवण? वर्गणी? नवीन माणूस आणून द्यायचा का?

‘‘यातलं काहीही केलं म्हणून ते मिळत नाही,’’ दानिएलभाऊ म्हणाले. ‘‘विश्वासाने घ्यायचं, बस. पुढे माणूस बदलतो. पण बदलला म्हणून मिळत नाही. मिळालं म्हणून बदलतो.’’

‘‘छान. म्हणजे उद्या कोणीही कोणाला चिरडावं, इथे यावं आणि नीतिमान होऊन घरी जावं.’’

मला वाटलं होतं ते चिडतील, किंवा पाठ केलेलं काहीतरी म्हणून दाखवतील. ‘‘हा प्रश्न मलाही टोचतो,’’ ते म्हणाले. ‘‘पण अट घातली, तर तिच्यात न बसणारा पहिला मीच असेन.’’

‘‘आणि ज्या आईचा मुलगा गेला, तिला कोणी विचारलं? तिच्या वतीने माफ करणारे तुम्ही कोण?’’

उत्तर भास्कररावांनी दिलं. ‘‘तिच्याकडेच जायचंय आज. म्हणून तर सुट्टी काढली.’’

मी दानिएलभाऊंकडे वळलो. ‘‘ही आहे होय तुमची अट!’’

‘‘नाही,’’ ते म्हणाले. ‘‘मी जा म्हणालो नाही. न जाताही ते देवाचेच आहेत. गेले तर केस उघडेल, मारही पडेल, हे मीच त्यांना सांगितलंय.’’

‘‘मग का जाताय?’’ मी भास्कररावांवर जवळजवळ ओरडलोच. ‘‘सगळं फुकट मिळालंय ना? घरी चला. मंगलचा विचार करा.’’

‘‘आधी हिंमतच नव्हती, नाना. कबूल केलं असतं तर माझ्याजवळ काही उरलंच नसतं. आता जे मिळालंय ते काढून घेणारं कोणी नाही.’’

मी त्यांच्याबरोबर गेलो ते पटलं म्हणून नाही. एकट्याला पाठवलं तर बहीण मला उभं करणार नाही, म्हणून गेलो.

गावाचं नाव लिहीत नाही. दोंडाईच्यापासून रिक्षाने जाण्यासारखं आहे. जिजाअक्का म्हणजे त्या मुलाची, गोकुळची आई. तिचा पत्ता विचारायला आम्ही एका दुकानापाशी थांबलो. त्या घरी फोन करून आधी कळवावं असं मी सुचवलं, तर दुकानदार म्हणाला, ‘‘अक्का फोनले हात लावत नही. पोरगी सुरतले शे (सुरतला आहे), ती शेजारीनना फोनवर निरोप सांगस.’’

गल्लीत बायका मिरचीचे देठ खुडत बसल्या होत्या. जिजाअक्का त्यांच्यातच होती, उंच, वाळलेली, नऊवारी गुडघ्यांत आवळलेली. भास्कररावांनी चप्पल काढली आणि तिच्यासमोर उभे राहिले. बसले नाहीत.

‘‘अक्का, तो टेम्पो मी चालवत होतो.’’

‘‘वयखस मी तुले (ओळखते मी तुला),’’ ती देठ खुडत म्हणाली. ‘‘कोर्टमा पाहेल शे. काय काम काढं?’’

‘‘कोर्टात खोटं झालं. गोकुळ आडवा आला नव्हता. रस्त्याच्या खाली बसून सायकलची चेन लावत होता. मला डुलकी लागली. त्याची काही चूक नव्हती. फोनवरही बोलत नव्हता तो.’’

तिचे हात थांबले. ‘‘फोन नव्हता?’’

‘‘नव्हता.’’

‘‘कानले नव्हता का हातमा नव्हता?’’

‘‘कुठेच नव्हता, अक्का. दोन्ही हात चेनवर होते. काळे झाले होते तेलाने. मी बघितले.’’

मला हे फोनचं काय आहे ते कळेना. शेजारच्या बाईने फडकं खाली ओढलं आणि माझ्याकडे बघून हळूच सांगितलं, ‘‘त्या दिवशी अक्कानीच त्याले फोन करेल व्हता. लवकर ये म्हने. कोर्टमा फोनचं ऐकं, तवयपासून ती म्हनस, मन्हा फोननी मारं मन्हा आंडोरले (माझ्या फोनने मारलं माझ्या मुलाला).’’

आम्ही पेढे वाटत होतो तेव्हा ही बाई हे घेऊन कोर्टाच्या पायऱ्या उतरली होती.

जिजाअक्का उठली. पदर झटकला आणि गल्लीकडे तोंड करून तिने हाक मारली, ‘‘बठ्ठा आठे या! (सगळे इकडे या!)’’ लोक जमले. ओट्यावरचे म्हातारे, बायका, पिठाच्या गिरणीतला माणूस. ‘‘आते मोठा आवाजमा सांग,’’ ती भास्कररावांना म्हणाली. ‘‘बठ्ठास्ले ऐकू येवाले पाहिजे.’’

भास्कररावांनी पुन्हा सांगितलं. कोणी उशिरा आलं की ती म्हणायची, ‘‘परत सांग,’’ आणि ते परत सांगायचे. डुलकी, चेन, मान हलवली ते. प्रत्येक वेळी सगळं, काही न गाळता. गोकुळच्या चुलतभावाने मध्येच त्यांची कॉलर धरली. अक्का म्हणाली, ‘‘सोड त्याले. त्यानं बोलनं व्हऊ दे.’’

‘‘केस परत उघडू आम्ही,’’ तो म्हणाला.

‘‘उघडा,’’ भास्करराव म्हणाले आणि पिंप्राळ्याचा पत्ता सांगू लागले. मी त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय काढून घेतला आणि डाळमिलचाही पत्ता सांगितला.

गर्दी जरा हटली तशी अक्का शेजारणीकडे वळली. हात पुढे केला. शेजारणीला आधी कळलंच नाही. मग तिने घाईघाईने मोबाइल पदराला पुसला, सुरतचा नंबर लावला आणि तिच्या हातात दिला. अक्काने तो दोन्ही हातांनी धरला, कानापासून थोडा लांबच.

‘‘बेटा, मी तुनी माय,’’ ती म्हणाली. ‘‘त्याना हातमा फोन नव्हता वं. चेन लावत व्हता मन्हा गोकुळ.’’ पलीकडून रडण्याचा आवाज आम्हालाही ऐकू आला. ती रडली नाही. चेन, चेन, असं दोनदा म्हणाली आणि फोन परत दिला.

मग भास्कररावांकडे बघून म्हणाली, ‘‘तुले माफ करता येवाव नही माले.’’

‘‘नका करू, अक्का. ते मागायला आलो नाही.’’

‘‘मंग कसाले उना? (मग कशाला आलास?)’’

‘‘हे सांगायला.’’

ती परत मिरचीपाशी बसली. ‘‘सांगं ना? (सांगितलंस ना?) आते जाय.’’

खानदेशात दारी आलेल्याला पाणी विचारतात, वैरी असला तरी. तिने विचारलं नाही. आम्ही रिक्षात बसलो.

परतीला दोंडाईच्याहून रेल्वे धरली. डब्यात गर्दी बेताची होती. बाहेर तापीकाठची रानं अंधुक होत चालली होती. माफी नाकारल्यावर माणूस कोसळतो, निदान तक्रार करतो; तसं काहीतरी होईल म्हणून मी त्यांच्याकडे चोरून बघत होतो. एकदा त्यांनी डोळे पुसले. मग अमळनेरला भजी घेतली आणि अर्धी माझ्यापुढे केली.

पिंप्राळ्याला पोचल्यावर त्यांनी मंगलला स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं. मी ओट्यावर थांबलो. आतून भांड्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. चेहरा सुजला होता.

‘‘दादा, तिने यांना पाणी दिलं का?’’

‘‘नाही.’’

‘‘बरं केलं,’’ मंगल म्हणाली. आत गेली, आणि थोड्या वेळाने भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. त्या रात्री ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही, पण वाढताना त्यांच्या ताटात पहिली भाकरी तिनेच टाकली.

आता नाशिकला परत आलो आहे. चुलतभाऊ अजून पिंप्राळ्याला आलेला नाही; येईलही. ओळखीच्या एका वकिलाकडे मी विचारून ठेवलं आहे, आणि यावेळी वकिलाने मोबाइल वगैरे काही काढायचं नाही, हेही सांगून ठेवलं आहे. मित्र विचारतात, ‘‘काय, फसवणूक सापडली का?’’ सापडली, मी म्हणतो. आमच्याच घरात होती, आणि आम्ही तिचे पेढे खाल्ले होते.

दानिएलभाऊंच्या त्या देण्यावर माझा विश्वास बसला, असं मी म्हणणार नाही. मागचं पान मी अजून शोधतोच आहे. पण एक गोष्ट माझ्या हिशेबात बसत नाही. माझ्याकडे तक्रार घेऊन येणारा प्रत्येक जण कोणाकडून तरी काहीतरी मिळवायला निघालेला असतो, आणि मीही तसाच निघालो होतो. त्या गल्लीत भास्करराव तेवढे एकटे काही न्यायला आले नव्हते. त्यांना माफी हवी असती, तर तिने ती नाकारल्यावर ते मोडून पडले असते, किंवा मिळेपर्यंत तिच्या दारात बसून राहिले असते, आणि त्या बाईला मुलाचं दुःख असताना वर यांचंही सांत्वन करावं लागलं असतं. ते सांगून झाल्यावर गप्प उभे राहिले, म्हणून तिला मोकळेपणाने ‘नाही’ म्हणता आलं.